लुलाच्या डझनाचं माप

“घाई करणाऱ्यांचे ट्रक रस्त्यात अडकतात. माझा अडकणार नाही,” असं एव्हारिस्तो बारागान अकरा वर्षं सांगत होता, आणि त्याला खोटं पाडणं कुणालाच शक्य नव्हतं. कारण अकरा वर्षांत त्याचा ट्रक गॅरेजच्या बाहेर पडलाच नव्हता.

आमच्या सांता ऑर्तेन्सियात त्याला सगळे वारो म्हणतात. पीच डबाबंद करण्याच्या कारखान्यात तो झाकणांच्या मशीनवर असतो. वय अठ्ठेचाळीस. माणूस सज्जन, निर्व्यसनी, बायकोला वचकून असणारा. खोट एकच. कुठलीही गोष्ट करण्याआधी त्याला तिचा प्लॅन करावा लागतो, आणि प्लॅन करून तो इतका दमतो की गोष्ट राहूनच जाते. न्हाणीघराला रंग द्यायचा प्लॅन त्याची मुलगी दुसरीत होती तेव्हा झाला. तेव्हा एक भिंत निळी झाली. मुलगी आता फ्रेस्नोला नर्स आहे आणि उरलेल्या तीन भिंती अजून वाट बघताहेत.

पण ट्रकचं वेगळं होतं. ट्रकवर त्याचा जीव होता. शहाऐंशी सालचा छोटासा जपानी ट्रक, पुढे दोन माणसं कशीबशी मावतील एवढी केबिन आणि मागे उघडा हौदा. तो त्याला खाली बसवायचा होता. आता चांगला उभा असलेला ट्रक कापून, जोडून, त्याचे पाटे आणि एक्सल उलटेपालटे करून जमिनीलगत का आणायचा, हे मला विचारू नका. आमच्याकडे ही हौस तीन पिढ्यांची आहे. ज्याला कळतं त्याला विचारावं लागत नाही, आणि ज्याला कळत नाही तो उंच ट्रक घेऊन खुशाल कोंबड्या वाहतो.

या हौशी लोकांचा आमच्याकडे एक क्लब आहे, ‘रास दे सुएलो’, म्हणजे जमिनीसपाट. त्याचा स्टिकर ट्रकच्या मागच्या काचेवर असणं म्हणजे गावात मान. हल्ली बरेच जण ट्रकखाली हवेचे फुगे बसवतात, बटण दाबलं की ट्रक बसतो, बटण दाबलं की उठतो. या क्लबला ते चालत नाही. एकदा खाली बसवला की तो कायमचा खाली. शिवाय सप्टेंबरातल्या मेळाव्याला ट्रक आपल्या घरापासून बागेपर्यंत आपल्या चाकांवर यायला हवा, दुसऱ्या गाडीवर लादून आणायचा नाही. आणि तिथे क्लबची मुख्य ओरालिया बुस्तामान्ते ट्रकखालून एक सिगारेटचं पाकीट सरकवून बघते. ओरालियानं सिगारेट सोडली तेव्हा शेवटच्या पाकिटात प्लास्टर भरून ठेवलं, तेच हे पाकीट. ते ट्रकखालून पलीकडे गेलं, तर तुम्ही घरी जायचं. अडलं, तर स्टिकर तुमचा.

म्हणजे ट्रक एवढा खाली हवा की पाकीट जाता कामा नये, आणि एवढा वर हवा की रस्त्यात कुठे टेकता कामा नये. या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी एक नेमका आकडा असणार, असं वारोच्या डोक्यानं घेतलं आणि झालं, तो त्या आकड्याच्या मागे लागला.

त्यानं घरापासून बागेपर्यंतचा दोन मैलांचा रस्ता गुडघ्यांवर रांगत मोजला. प्रत्येक उंचवटा, प्रत्येक गटाराचं झाकण, रेल्वे फाटकातले रूळ, सगळं टेपनं मोजून वहीत उतरवलं. चर्चजवळच्या म्हाताऱ्या बायकांना वाटलं त्याची लग्नाची अंगठी हरवली. त्यांनी तीन रविवार तिच्यासाठी मेणबत्त्या लावल्या. उन्हात डांबर फुगतं का, हे बघायला तो तोच रस्ता जानेवारीत पुन्हा रांगला. ट्रक खालून कसा दिसेल ते कळावं म्हणून गाल जमिनीला लावून तासन्‌तास पडायचा. पुठ्ठ्याचे ट्रक केले, त्यात बटाटे भरून वजन किती खाली दाबतं ते पाहिलं. अशा सात वह्या भरल्या. मेळाव्याला मात्र तो पहिल्या वर्षानंतर गेलाच नाही. दुसऱ्यांचे ट्रक बघून उगीच मन चळतं, प्लॅनमधलं लक्ष उडतं, असं त्याचं म्हणणं.

पहिल्या वर्षी त्यानं ओरालियाचं पाकीट उभं ठेवलेलं पाहिलं होतं. उभं पाकीट पाच बोटं उंच. रस्त्यातला सगळ्यात मोठा उंचवटा, म्हणजे रेल्वे फाटक, साडेतीन बोटं. अकरा वर्षांच्या संशोधनातून उत्तर निघालं ते असं: चार बोटं.

गंमत म्हणजे हे उत्तर त्याच्या स्वयंपाकघरातच होतं. त्याची बायको ओब्दुलिया, म्हणजे लुला, हातावर थापून मक्याच्या जाड तोर्तिया करते. डझनभर तोर्तियांची चळत फडक्यात गुंडाळून टेबलावर ठेवली की बरोबर चार बोटं भरते. वारोनं एकदा सहज टेप लावला आणि खुर्चीतून उठून उभाच राहिला. तेव्हापासून त्या घरात ट्रकच्या उंचीला ‘लुलाचं डझन’ असंच म्हणायचे. पुढे त्यानं त्या मापाचा अक्रोडाच्या लाकडाचा एक ठोकळा केला, तेल लावून गुळगुळीत केला, आणि मऊ कापडात गुंडाळून खणात ठेवला. मुलीच्या बाप्तिस्म्याचा झगासुद्धा एवढा जपला नव्हता, असं लुला म्हणायची.

लुलाचा ट्रकवर राग नव्हता, गॅरेजवर डोळा होता. ती नाताळाच्या आधी तीन महिने तमाले करून विकते, मक्याच्या पानात बांधून उकडलेले, आणि सगळा राडा तिला स्वयंपाकघरात करावा लागायचा. गाद्यांनासुद्धा मिरचीचा वास. शेवटी ईस्टरच्या जेवणात तिनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. यंदाच्या मेळाव्याच्या दिवशी सूर्य मावळायच्या आत ट्रकच्या काचेवर स्टिकर लागला, तर गॅरेज जन्मभर ट्रकचं, ती ब्र काढणार नाही. नाही लागला, तर ट्रक शेजारच्या फ्लोरेंतिनोला द्यायचा. त्याला कोंबड्या न्यायला हवाच होता.

वारोनं हातातला घास परत ताटात ठेवला. आयुष्यात एकतरी गोष्ट पुरी करायची म्हणून तो या ट्रकला धरून होता, आणि ती कोंबड्यांखाली जाणार म्हटल्यावर त्याची झोप उडाली. तरी तो ऑगस्ट संपेपर्यंत वहीच चाळत बसला, ते सोडा.

मेळाव्याच्या आधीच्या गुरुवारी काम ठरलं. वेल्डर किलीनो ओचोआ. यानं वारोच्या मुलीला बाप्तिस्म्याला हातात धरलं होतं, तेव्हापासून तो वारोला कोंपाद्रे म्हणतो आणि लुलाला कोमाद्रे. हात सोन्याचा, डोकं मात्र सरळ रेषेत चालणारं. त्याला आकडे सांगायचे नाहीत, वस्तू द्यायची. ट्रकखाली वस्तू ठेवणार, ट्रक तिच्यावर टेकेपर्यंत खाली आणणार, आणि तिथेच पक्कं जोडून टाकणार. एकदा जोडलं की जोडलं. त्याच संध्याकाळी त्याला भाचीच्या लग्नाला मेहिकालीला निघायचं होतं, मशीनसकट, कारण मामेभावाचं फाटक पण जोडायचं होतं.

वारोला रजा मिळाली नाही. पीचचा मोसम, मशीन सोडून हलायची सोय नाही. सकाळी सहाला तो किलीनोला दहा वेळा बजावून गेला की माप खणात आहे, कोमाद्रे देईल, ठोकळा ठेव, टेकव आणि जोड. दिवसभर त्याच्या समोरून हजारो झाकणं गेली आणि प्रत्येक झाकणात त्याला आपला ट्रक दिसत होता.

संध्याकाळी तो जवळजवळ पळतच घरी आला. गॅरेजमध्ये ट्रक उभा होता, म्हणजे बसला होता. वारो दारातच थबकला. अकरा वर्षं वहीत पाहिलेली गोष्ट समोर होती. डोळे भरून आले त्याचे, खोटं कशाला सांगू. मग तो सवयीनं जमिनीवर आडवा झाला, गाल टेकवला, आणि भरून आलेले डोळे एकदम कोरडे झाले.

“ही चार बोटं नाहीत,” तो म्हणाला.

गॅरेजच्या कोपऱ्यात त्याचे सासरे डॉन चेंचो खुर्चीत बसले होते. वय ऐंशी, कलिंगडाच्या शेतात जन्म घालवलेला माणूस. गेली सहा वर्षं लेकीकडे राहायला आणि दिवसभर याच खुर्चीत. ते म्हणाले, “छान दिसतोय की जावईबापू. खाली म्हणजे किती खाली!”

वारोनं ठोकळा मागितला. लुला हात पुसत आली आणि सकाळची हकीकत सांगू लागली. खणात नुसतं कापड होतं, ठोकळा नव्हता. तिनं सगळं घर शोधलं. इकडे किलीनो दारात उभा, त्याला दुपारच्या आत माप हवं. मग तिला वाटलं, एवढं काय, अकरा वर्षं ऐकतेच आहे की ट्रकची उंची म्हणजे माझं डझन. तिनं ताज्या डझनभर तोर्तिया केल्या, मोजून, फडक्यात गुंडाळून, ताटलीवर ठेवून गॅरेजमध्ये आणून दिल्या आणि किलीनोला सांगितलं, हे माप.

“बारा होत्या?”

“देवाशप्पथ बारा. मोजायला मला वही लागत नाही.”

“आणि त्या आहेत कुठे?”

नाहीत म्हणाली. काम झाल्यावर किलीनो आणि तिचे पापा तिथेच बसून राजम्याबरोबर जेवले. माप संपलं.

एवढ्यात डॉन चेंचो पाय मोकळे करायला उठले आणि खुर्ची मागे कलंडली. त्या गॅरेजची फरशी दाराकडे उतरती आहे. म्हाताऱ्यानं खुर्ची सपाट व्हावी म्हणून पायाखाली काहीतरी घातलं होतं. वारोनं वाकून पाहिलं. अक्रोडाचं लाकूड, तेल लावून गुळगुळीत केलेलं.

“हा ठोकळा इथे कसा?”

“खणात पडून होता,” डॉन चेंचो म्हणाले. “कुणी वापरत नव्हतं.”

वारोनं ठोकळा घेतला आणि ट्रकखाली सरकवायला गेला. ठोकळा आत जाईना. त्यानं पुढून पाहिलं, मागून पाहिलं, बाजूनं पाहिलं. टेप लावला. सव्वादोन बोटं. पावणेदोन बोटं कुठे गेली, या प्रश्नानं त्याचं डोकं असं काही धरलं की तो जेवायलाही आला नाही.

आता दुसरा कुणी असता तर कपाळावर हात मारून बसला असता. वारोला हळहळण्याआधी कुतूहल आलं. त्यानं मेहिकालीला फोन लावला. किलीनो लग्नघरातून ओरडून म्हणाला की कोंपाद्रे, फडक्याला ट्रक नुसता टेकवला, एक केस इकडे नाही की तिकडे नाही, आईची शपथ. मंगळवारी येतो, मग बघू. मंगळवारी येऊन काय उपयोग, मेळावा रविवारी.

मग वारोला शंका आली की तोर्तिया गार होताना बसत असतील. शुक्रवारी संध्याकाळी त्यानं लुलाकडून पुन्हा डझनभर करून घेतल्या आणि घड्याळ लावून बसला. दर दहा मिनिटांनी टेप लावायचा, वहीत लिहायचं. आठवी वही सुरू झाली. दोन तासांनी चळत फारतर एका दोऱ्याइतकी खाली आली होती. पावणेदोन बोटं काही तशी जात नाहीत. मग किलीनो चुकून चळतीवर बसला असेल या शंकेनं त्यानं तिच्यावर त्याच्या वजनाची म्हणून दोन पोती पीठ ठेवलं. चळतीचा पापड झाला, पण मग ट्रक कितीतरी आणखी खाली बसायला हवा होता, तेही जुळेना. लुला त्याच्या हातातली ताटली ओढून म्हणाली की अन्नाशी खेळ पुरे. डॉन चेंचो हे सगळं बघत होते. एरवी तोर्तियांची चळत दिसली की पहिला हात त्यांचा. त्या संध्याकाळी त्यांनी एकही घेतली नाही, पोट भरलंय म्हणाले. वारोनं तेही वहीत लिहायला हवं होतं, पण ते त्याच्या लक्षातच आलं नाही.

रविवारी वही चाळता चाळता दुपारचे दोन वाजले. ट्रक चालू झाला, पहिल्याच झटक्याला. वारो आत बसला; बसला म्हणजे जवळजवळ झोपला. गल्लीतली माणसं कॉफीचे पेले घेऊन जमली होती. अकरा वर्षं ज्याच्याबद्दल ऐकलं तो ट्रक खरंच आहे का, हे सगळ्यांनाच बघायचं होतं. ट्रक गॅरेजमधून बाहेर आला, दारातल्या उतारावरून सात-आठ फूट गेला, आणि पुढची चाकं रस्त्याच्या कडेच्या पन्हाळीत उतरताच त्याचं पोट उताराच्या काठावर बसलं. घर्र झालं, आणि बंद.

ट्रक डोलायला लागला. फ्लोरेंतिनो मागे उभा होता, तो हळूच म्हणाला की कोंबड्यांना एवढा खाली चालेल, चढायला सोपं. वारोनं खिडकीतून त्याच्याकडे असं पाहिलं की तो कॉफी आणायला निघून गेला.

सहा जणांनी ढकलून पाहिलं. हलेना. वारो खाली उतरून पुन्हा गाल जमिनीला लावून पडला. या वेळी तो काही मोजत नव्हता. तसाच पडून राहिला. तेवढ्यात त्याच्या डोळ्यांसमोर लुलाच्या चपला येऊन थांबल्या, आणि त्यांच्या शेजारी एक बादली. तमाल्यांसाठी साठवलेली डुकराची चरबी, यंदाच्या मोसमाची पहिली.

“ऊठ,” ती म्हणाली.

“लुला, ट्रक अडकला तर तुझाच फायदा आहे.”

“माहितेय. पण अकरा वर्षं ऐकलंय मी. तो जाताना मलाही बघायचाय. ऊठ, आणि त्या काठाला चोळ.”

त्यांनी काठाला चरबी चोळली, ट्रकच्या पोटाला चोळली, उतारावरही भरपूर सांडली. मग सगळ्यांनी मागून जोर लावला आणि ट्रक लोण्यातून सुरी जावी तसा रस्त्यावर उतरला. गल्लीत टाळ्या पडल्या. लुलाही हसली, हे मी पाहिलं.

पुढचे दोन मैल त्यांना अडीच तास लागले. वारोच्या वहीतला प्रत्येक उंचवटा आता त्याच्या छातीत येत होता. फ्लोरेंतिनोनं आपल्या खुराड्याच्या फळ्या आणून दिल्या. त्याचं मन तसं वाईट नाही. उंचवटा आला की चार जण पुढे पळायचे, फळ्या टाकायचे, ट्रक त्यांवरून जायचा, मग फळ्या उचलून पुन्हा पुढे. कुठे काय आहे हे वारोला तोंडपाठ होतं, तो आतूनच सांगायचा, आता झाकण, आता डावीकडे खड्डा, आता फाटक. वह्यांचा उपयोग झाला तो एवढाच. मागे माणसं चालत होती, पुढे गोगलगायीच्या वेगानं ट्रक. चर्चजवळच्या म्हाताऱ्या बायकांनी ते पाहून छातीवर क्रूस काढला आणि कोण गेलं म्हणून विचारलं. डॉन चेंचो ट्रकच्या हौद्यात आपल्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी टोपी काढून सांगितलं, अजून कुणी नाही.

बागेत मेळावा आटोपत आला होता. ओरालिया बुस्तामान्ते दुमडलेल्या टेबलावर बसून कुणाच्या तरी ट्रकवर टीका करत होती. वारोची मिरवणूक येताना पाहून ती उठली. फळ्यांबद्दल कुणीतरी कुरकुर केली, तर ती म्हणाली की नियमात लादून आणायचा नाही एवढंच आहे. फळ्या म्हणजे रस्ताच. मग तिनं जाकिटाच्या खिशातून प्लास्टर भरलेलं ते पाकीट काढलं, ट्रकच्या बाजूला गेली, आणि पाकीट जमिनीवर ठेवलं. आडवं, कडेवर.

वारो पुढे झाला. “उभं ठेवायचं ना?”

“उभं?” ओरालिया म्हणाली. “तू कुठल्या जमान्यात आहेस? उभं असताना कुणीही यायला लागला, बेकरीवाल्याचा टेम्पोसुद्धा पास होईल अशी वेळ आली. पाच वर्षं झाली, कडेवरच ठेवतो. तीन बोटं.”

वारोनं डोळे मिटले. चार बोटं. सात वह्या, पुठ्ठ्याचे ट्रक, जानेवारीतलं रांगणं, अक्रोडाचा ठोकळा, आणि त्यातून निघालेलं नेमकं उत्तर, जे पाच वर्षं चुकीचं होतं. सगळं प्लॅनप्रमाणे झालं असतं तर पाकीट त्याच्या ट्रकखालून आरामात पलीकडे गेलं असतं आणि त्यानं अकरा वर्षांनी परत घरचा रस्ता धरला असता.

ओरालियानं पाकीट सरकवलं. टक्‌ असा आवाज आला. तिनं पुन्हा सरकवलं. पुन्हा टक्‌. ती सगळ्या बाजूंनी फिरली, चार ठिकाणी टक्‌ झालं.

“सव्वादोन?” तिनं बोटं लावून बघत विचारलं. “हे धाडस आहे. फाटक असताना सव्वादोन कुणी करत नाही. कसा काढलास हा आकडा?”

सगळे वारोकडे बघायला लागले. वारोला खरंच माहीत नव्हतं. हेच तर तो गुरुवारपासून शोधत होता. एवढ्यात हौद्यातल्या खुर्चीवरून आवाज आला.

“मी काढला,” डॉन चेंचो म्हणाले.

आणि मग तीन दिवस तोंड शिवून बसलेल्या म्हाताऱ्यानं, आता मार बसणार नाही याची खात्री झाल्यावर, सगळं सांगून टाकलं. लुलानं ताटली आणून ठेवली नऊ वाजता. किलीनो तोंडावर मुखवटा चढवून ट्रकखाली. गरम तोर्तियांचा वास. शेजारी राजम्याची वाटी. माणूस किती वेळ दम धरणार? “पाच खाल्ल्या. सहावी हातात होती, पण तेवढ्यात किलीनोनं माप मागितलं, म्हणून परत ठेवली. चावा घेतला नव्हता.”

बाग हसून हसून आडवी झाली. वारो हसला नाही. त्यानं बोटांवर हिशेब केला. बारातून पाच गेल्या, सात राहिल्या. सात म्हणजे सव्वादोन बोटं आणि वर एक कण. जुळलं. गुरुवारपासूनची तगमग एकदम शांत झाली, आणि मगच त्याला कळलं की आपण पास झालो आहोत. तो हौद्याजवळ गेला आणि त्यानं सासऱ्यांचा हात धरला. “तुम्ही सहावी खाल्ली असती तरी चाललं असतं, डॉन चेंचो,” तो म्हणाला. एवढ्या मायेनं तो त्यांच्याशी आधी कधी बोलला नव्हता.

ओरालियानं स्वतःच्या हातानं काचेवर स्टिकर लावला. सूर्य अजून हातभर वर होता. लुला बाजूला उभी राहून बघत होती, आणि वारोनं वळून तिच्याकडे असं पाहिलं, जणू गॅरेज, ट्रक आणि सारा मुलूख आपणच जिंकला आहे.

परतताना फळ्यांचा सराव झाला होता. तासाभरात मंडळी गल्लीत आली. वारोनं घरासमोर ट्रक वळवला, दारातल्या उताराकडे तोंड केलं, आणि पुढे घेतला. चाकं चढाला लागायच्या आधी ट्रकचं नाक चढाला लागलं. त्यानं मागे घेतला, तिरका आणला. पुन्हा नाक. फळ्या लावल्या तर चाकं चरबीवर गरगर फिरायला लागली आणि एक फळी उडून फ्लोरेंतिनोच्या अंगणात पडली, कोंबड्या ओरडल्या. उतरताना घसरगुंडी झालेला तो उतार आता भिंत झाला होता. सात वह्यांत घरातून बाहेर पडायचा रस्ता इंच न्‌ इंच मोजलेला होता. घरात परत यायचा प्लॅन एकातही नव्हता. जमलेली माणसं थोडा वेळ थांबली, मग एकेक करून जेवायला गेली.

लुला दारात उभी होती. तिनं रस्त्यावरच्या ट्रककडे पाहिलं, काचेवरच्या स्टिकरकडे पाहिलं, मग मागे वळून रिकाम्या गॅरेजकडे पाहिलं.

“शब्द म्हणजे शब्द,” ती म्हणाली. “गॅरेज ट्रकचं. तो आत आला की मी लगेच माझी पातेली उचलते.”

आणि तिनं पहिलं पातेलं नेऊन आत ठेवलं. अंधार पडायच्या आत चूल, टेबल, मक्याच्या पानांची पोती आणि डॉन चेंचोंची खुर्चीसुद्धा जागच्या जागी लागली होती. टेबल हलत होतं, म्हणून तिनं त्याच्या पायाखाली अक्रोडाचा ठोकळा घातला.

वारो पायरीवर बसून नवी वही उघडून दारातल्या उताराचं चित्र काढत होता. उतार खोदून किती बोटं खाली घ्यावा लागेल, याचा तो विचार करत होता. लुला पातेलं घेऊन जाता जाता थांबली आणि तिनं विचारलं की याला साधारण किती वर्षं लागतील.

“तुला नेहमी घाई,” वारो म्हणाला. “घाई करणाऱ्यांचे ट्रक रस्त्यात...”

समोर त्याचा ट्रक रस्त्यात उभा होता. वारो पेन्सिलीला टोक करायला लागला.